सहा फूट निगेटिव्ह

गुरुवार, ४ सप्टेंबर २०२५. अर्विंग, टेक्सास.

कुमुदवल्ली हिचा पहिला चित्रपट १९८१ साली आला, हे विधान चुकीचे आहे. तो १९७९ साली आला. दिग्दर्शकाने तिला 'प्रथमदर्शनीच नायिका म्हणून हेरले', हेही चुकीचे. त्याआधी दोन वर्षे ती समूहनृत्यात डावीकडून तिसरी उभी राहत असे आणि त्या दिग्दर्शकाने तिला चार वेळा पाहून चार वेळा दुर्लक्षिले होते. 'पहिल्या चित्रपटापासून तिने स्वतःच्याच आवाजात तमिळ संवाद म्हटले' हे तिसरे विधान मात्र चुकीच्या सदरात बसत नाही. चूक अजाणता होते. हे असत्य आहे.

ही तिन्ही विधाने एकाच पानावर आहेत. येथील तमिळ कला मंडळ ११ ऑक्टोबरला कुमुदवल्लीचा सत्कार करणार आहे. त्यानिमित्त निघणाऱ्या पुस्तिकेचा मसुदा आज आमच्या घरी आला, कारण माझी नात अनिका त्या कार्यक्रमात भरतनाट्यम करणार आहे आणि तिचे छायाचित्र आतल्या पानावर आहे. लेखक मंडळाचे चिटणीस श्री. मोहन सुंदरम. इंग्रजी बरे आहे. स्वल्पविराम मात्र अक्षता टाकाव्यात तसे टाकलेले आहेत.

मी गुरुनाथ खांबेटे, वय वर्षे एक्क्याऐंशी. मद्रासच्या कोडंबाक्कम भागातील एका फिल्म लॅबोरेटरीत तेहतीस वर्षे कलर ग्रेडर होतो. चित्रपटाच्या प्रत्येक दृश्याला छापताना लाल, हिरवा, निळा प्रकाश किती द्यायचा, हे ग्रेडर ठरवतो. कुमुदवल्लीच्या गालांचा रंग तिच्या मेकअपवाल्यापेक्षा मला अधिक ठाऊक आहे. आणि तिच्या पहिल्या सतरा चित्रपटांतला आवाज कोणाचा, हेही ठाऊक आहे. तो आवाज या क्षणी स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत आहे.

शनिवार, ६ सप्टेंबर.

श्री. सुंदरम यांना दूरध्वनी केला. संभाषण इंग्रजीत झाले. सारांश असा.

"सर, तुमचा ईमेल वाचला. अकरा मुद्दे आहेत त्यात."

"बारा. शेवटचा पान उलटल्यावर आहे."

"नऊ दुरुस्त करतो. थँक यू सो मच. पण सर, आवाजाचं... मॅडमच्या ऑफिसनं जे पाठवलं तेच मी लिहिलंय. त्यांना स्टेजवर बोलावून आपणच छापायचं की तो आवाज तुमचा नव्हे?"

"होय."

"सर, सत्कार आहे."

"सत्काराला व्याकरणाची सूट असेल, सत्याची नाही."

ते हसले. मी विनोद केलेला नव्हता.

लेक आश्लेषा समोरच बसली होती. फोन ठेवताच म्हणाली, "बाबा, प्लीज. अनिकाचा डान्स आहे त्यात. सहा महिने प्रॅक्टिस करतीये ती. तुम्ही अशी भांडणं काढलीत तर मला त्या लोकांत तोंड दाखवायचंय की नाही?"

"भांडण नव्हे, दुरुस्ती."

"तुमची प्रत्येक दुरुस्ती भांडणच असते, बाबा."

मी माघार घेणार नाही. पुस्तिकेत एक ओळ हवी: 'आवाज – रत्ना, १९७९ ते १९८६.' एवढेच. ही ओळ मिळेपर्यंत मी रोज एक ईमेल पाठवणार आहे आणि प्रत्येक ईमेल निर्दोष असेल.

गुरुवार, ११ सप्टेंबर.

पाच ईमेल झाले. उत्तर नाही. तोवर वस्तुस्थिती क्रमाने लिहून ठेवतो.

रत्ना तंजावरची. तिचे पूर्वज दोनअडीचशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेले. घरात मराठी, बाहेर तमिळ. ती मराठी म्हणजे फार जुन्या वळणाची, दक्षिणी. मी सांगलीचा. १९७२ साली लग्न झाले तेव्हा ती 'सगळे' या अर्थी 'अस्की' म्हणत असे. मी दोन-तीन वर्षांत ते सुधारले. पुष्कळ सुधारले. आता तिच्या मराठीत दोष काढायला जागा नाही. बोलते तेवढे शुद्ध बोलते.

त्या काळी लॅबोरेटरीच्या डबिंग थिएटरमध्ये गर्दीचे आवाज हवे असले की बाहेरून माणसे आणत नसत. कर्मचाऱ्यांच्या बायकांना बोलावत. दुपारी दोन तास बाजारातला गलका करायचा आणि कॉफी पिऊन घरी जायचे. मार्च १९७९ मध्ये रत्ना अशीच गेली. दिग्दर्शक जगन्नाथन यांनी तिला एकच वाक्य दिले: मडकी विकणारी बाई गिऱ्हाइकाला हाका मारते. रत्नाने ते म्हटले. जगन्नाथन यांनी फिल्म थांबवली, बाकीच्या बायकांना कॉफीला पाठवले आणि तिला नायिकेचे लूप दाखवले. लूप म्हणजे दृश्याचा एक तुकडा, दोन्ही टोके जोडून पुन्हा पुन्हा फिरवतात. त्यातल्या ओठांबरोबर बोलायचे असते.

नायिका कुमुदवल्ली, मूळची अनंतपूरची. तेलुगू घरातली, वय अठरा. तमिळचा एक शब्द येत नव्हता. चित्रीकरणात ती संवादाऐवजी आकडे म्हणत असे. रडण्याच्या प्रसंगी एक ते वीस, रागाच्या प्रसंगी वीस ते चाळीस. त्या आकड्यांवर रत्नाने तमिळ बसवले. चित्रपट 'नेल्लुक्कारी'. मदुरैत एकशे पंचाहत्तर दिवस चालला.

कुमुदवल्लीच्या कारकिर्दीचे टप्पे श्री. सुंदरम यांनी 'ग्रामकन्या, महानायिका, माता' असे तीन पाडले आहेत. ते चित्रपटगृहातून पाहणाऱ्याचे झाले. माझे टप्पे असे. १९७९: चेहऱ्यावर इतकी पावडर, की लाल वाढवावा तरी माणूस दिसेना. १९८२: पावडर गेली, डोळे आले, पहिल्यांदा एका दृश्यात मी प्रकाशाचा एकही आकडा बदलला नाही. १९८६: वजन वाढले, नायक तिच्याहून तरुण होऊ लागले. १९८८: 'काक्की मुगम्', पोलीस अधिकारी, खाकी शर्टाचा रंग तिच्या त्वचेवर उतरत असे, आठवडाभर झगडलो. हा तिचा सर्वोत्तम चित्रपट, आणि यात तिचा आवाज खरोखर तिचा आहे. मग लग्न, सात वर्षे घरी. १९९६ ला परतली ती नायकाची आई होऊन, ज्या नायकाबरोबर चौदा वर्षांपूर्वी पावसात नाचली होती त्याचीच. तिने ते काम हसत केले. पुढे दूरदर्शन मालिकेत पाच वर्षे खाष्ट सासू. माझ्या दृष्टीने हा तिचा सर्वांत धीट निर्णय. आज चौसष्टाव्या वर्षी अनिकाच्या फोनवर ती एका वेब सिरीजमध्ये तस्करांच्या टोळीची प्रमुख आहे. पांढरे केस रंगवत नाही. या बाईने पडद्यावरून ढकलले जाणे पाच वेळा नाकारले. याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. म्हणूनच तिला खोट्या ओळीची गरज नाही.

हे सारे मी रत्नाला वाचून दाखवले. ती ऐकून म्हणाली, "मला विचारलंत का?"

"काय विचारायचे?"

"काही नाही." आणि तिने कुकर लावला.

शुक्रवार, १२ सप्टेंबर.

सहावा ईमेल. सायंकाळी शेजारच्या तलावापर्यंत फिरून आलो. एका मराठी गृहस्थाने 'हॅलो काका, कसं चाललंय' म्हणून थांबवले आणि मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाचे पत्रक दिले. एका पानात सात अशुद्धे. परत दिले.

शनिवार, २० सप्टेंबर.

श्री. सुंदरम स्वतः घरी आले. वय पन्नाशीच्या पुढे, मूळचे मदुरैचे, येथे एका बँकेत संगणकाचे काम करतात. पायांत जोडे नाहीत, ते दाराशीच काढले. ही गोष्ट मला आवडली. रत्ना दुकानात गेली होती.

"सर, मॅडमच्या मॅनेजरचा मेसेज आला. 'मॅडम यूज्ड हर ओन व्हॉइस थ्रूआउट. एनी अदर क्लेम विल बी टेकन सिरियसली.'"

"धमकी आहे."

"मॅनेजर आहे, सर. पंचवीस वर्षांचा असेल. त्याला खरंच तसं वाटत असणार." त्यांनी चहाचा घोट घेतला. "मला सांगा, एखाद्या चित्रपटात नाव आहे का रत्ना मॅडमचं? एका तरी? नाव दाखवा, मी उद्या छापतो. मॅनेजर गेला उडत."

"नाही."

"सतरा चित्रपट, आणि एकदाही नाही? का?"

"निर्मात्यांनी दिले नाही. त्या काळी आवाज देणाऱ्यांची नावे देत नसत."

"पण जगन्नाथन सर देत असत. मी त्यांचे सगळे पिक्चर पाहिलेत. स्पॉटबॉयचीसुद्धा नावं असायची त्यांत."

"निर्मात्यांनी दिले नाही," मी पुन्हा म्हणालो.

अनिका जिन्यावर बसून ऐकत होती. ते गेल्यावर म्हणाली (शब्द तिचेच लिहितो), "आजोबा, यू गॉट अ लिटल लाउड देअर."

रविवार, २१ सप्टेंबर.

या वहीत मी असत्य लिहीत नाही. म्हणून कालची नोंद पुरी करणे भाग आहे.

पुरावा माझ्याजवळ आहे. तो दाखवता येत नाही, एवढेच.

१९८२ सालच्या 'पवळ वीथी' या चित्रपटाच्या नामावलीत जगन्नाथन यांनी एक स्वतंत्र पाटी घातली होती: 'कुरल् – जी. रत्ना'. कुरल् म्हणजे आवाज. चार सेकंद, शहाण्णव फ्रेम्स, पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर बरोबर सहा फूट. निगेटिव्ह माझ्या टेबलावर आले तेव्हा मला ती दिसली. शुक्रवार, २९ ऑक्टोबर. दिवाळीच्या प्रती त्याच रात्रीपासून छापायच्या होत्या. निगेटिव्ह कापणाऱ्या माणसाला मी सांगितले, की निर्मात्याचा निरोप आहे, ही पाटी काढायची. मागचे संगीत मागेपुढे होऊ नये म्हणून त्या जागी आधीच्या पाटीचा उरलेला तुकडा जोडायला लावला. मेकअप करणाऱ्यांची नावे त्यामुळे चार सेकंद जास्त दिसतात. आजही दिसतात. रजिस्टरवर सही माझी.

निर्मात्याचा निरोप नव्हता.

मला याबद्दल खंत नाही. ज्यांना त्या काळची सांगली ठाऊक नाही त्यांनी बोलू नये. माझे थोरले बंधू हेडमास्तर होते. खांबेट्यांच्या सुनेचे नाव कोडंबाक्कमच्या भिंतींवर लागले असते तर त्यांना शाळेत काय ऐकावे लागले असते? बायकोने काम करू नये असे मी कधीच म्हटले नाही. तिने पुढेही चार वर्षे केले. फक्त नाव नको, इतकेच. त्या वेळी ते योग्य होते.

कापलेली पट्टी मात्र मी टाकली नाही. लॅबोरेटरीत निगेटिव्ह टाकत नाहीत. सेवानिवृत्तीनंतर ती माझ्याबरोबर पुण्यास आली, तेथून येथे.

सोमवार, २९ सप्टेंबर.

आठवडाभर लिहिले नाही. एकही ईमेल पाठवला नाही.

आज सकाळी आश्लेषा कामावर, अनिका शाळेत. रत्ना डोसे घालत होती. मी म्हणालो, की तुझ्या नावाची ओळ आता बहुधा होणार नाही, पुरावा मागतात.

तिने तव्यावरून नजर न काढता विचारले, "मग पट्टी का देत नाही तुम्ही?"

मी खुर्चीवर बसलो.

"कोणती पट्टी?"

"कपाटात आहे ती. डॉलरच्या पाकिटांखाली. पुण्यात गोदरेजमध्ये होती. त्याआधी तुमच्या टायच्या डब्यात."

"तुला कोणी सांगितले?"

"कोणी कशाला सांगायला पाहिजे? पाटी जगन्नाथन सरांनी मला आधीच दाखवली होती, ट्रायलला. म्हणाले, अम्मा, बघून घ्या, स्पेलिंग बरोबर आहे का. मी घरी सांगितलं नाही. म्हटलं, तुम्हाला थिएटरातच दाखवू. दिवाळीच्या दिवशी रेणूवन्संना घेऊन गेले पहिल्या खेळाला, तिसऱ्या रांगेत. वन्संना म्हटलं, डोळे मिटू नका हं, एक गंमत आहे." तिने डोसा उलटला. "मेकअपवाल्यांची नावं आली. जाईचनात. जाईचनात. वन्सं म्हणाल्या, कुठाय गं गंमत?"

रेणू माझी धाकटी बहीण. ती तेव्हा आमच्याकडे दिवाळीला आली होती. तिने मला यातले काहीच कधी सांगितले नाही.

"दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं. ते म्हणाले, घरी विचारा."

"मग विचारले का नाहीस?"

"काय विचारू? तुम्ही आधी माझं वाक्य नीट करून दिलं असतंत, मग उत्तर दिलं असतंत."

मी तिला १९८२ सालची परिस्थिती समजावून सांगू लागलो. बंधू, शाळा, भिंती. तिने ताट माझ्यापुढे ठेवले.

"तुमच्या बंधूंनी तो पिक्चर सांगलीत पाहिला होता. दोनदा. मला पत्र आलं होतं त्यांचं, की रत्ना, तमिळ कळत नाही, पण तुझा आवाज ओळखला. पट्टी द्यायची तर द्या, नाही तर नका देऊ. पण निर्मात्यानं नाव दिलं नाही असं आता कुणाला सांगू नका. तो माणूस बरा होता. गेला बिचारा."

डोसा गार झाला. खाल्ला.

बुधवार, १ ऑक्टोबर.

पट्टी अनिकाला दिली. तिने ती खिडकीच्या काचेवर धरली. नारिंगी फिल्म, तीवर काळी अक्षरे. निगेटिव्हवर पांढरे ते काळे असते. तिने फोनने छायाचित्र काढले आणि एक बटण दाबून रंग उलटे केले. निळसर पार्श्वभूमीवर पांढरी तमिळ अक्षरे आली.

"वेट. दॅट्स आजी?"

"होय."

"मग हे मूव्हीत का नाहीये?"

"मी कापले."

या मुलीला मराठी बोलता येते, पण राग आला की ती इंग्रजीत जाते. आज मराठीतच म्हणाली, "आजोबा, हे खूप वाईट केलं तुम्ही."

वाक्य निर्दोष होते.

श्री. सुंदरम यांना छायाचित्र पाठवले. सोबत स्वाक्षरी केलेले निवेदन: ही पाटी चित्रपटात होती, ती निर्मात्याने किंवा दिग्दर्शकाने काढलेली नाही, ती मी, खाली सही करणाऱ्याने, कोणाच्याही आज्ञेवाचून काढली. आश्लेषा म्हणाली, "बाबा, शेवटचं वाक्य लिहायलाच पाहिजे का? पाटी सापडली एवढं पुरे ना." मी म्हणालो, अर्धी दुरुस्ती ही नवी चूक असते. तिने मग वाद घातला नाही. निवेदन पाठवण्यापूर्वी तिने ते दोनदा वाचले आणि एक स्वल्पविराम हवा असे सुचवले. हवा होता.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर.

श्री. सुंदरम यांचा दूरध्वनी. मला म्हणाले, "सर, छपाई झालीय. दोनशे पुस्तिका घरी येऊन पडल्यात. पण मी आत एक कागद घालतो, करेक्शन स्लिप. मजकूर तुम्ही द्या. बारीक टाइपात दिलात तरी चालेल." मग जरा थांबून, "मॅडमशी बोलू शकतो का? तुमच्या मॅडमशी?"

रत्नाला फोन दिला. ती वीस मिनिटे बोलत होती. तमिळमध्ये. मध्ये एकदा मोठ्याने हसली. मद्रासमध्ये तेहतीस वर्षे काढूनही माझे तमिळ रिक्षावाल्यापुरतेच राहिले. भरभर बोलले की मला समजत नाही. फोन परत हाती आला तेव्हा श्री. सुंदरम म्हणाले, त्यांची आई वारली तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. आईचा आवाज त्यांना आठवत नाही, पण 'नेल्लुक्कारी'तली अंगाई आठवते.

कुमुदवल्लीच्या मॅनेजरला काय कळवले, असे मी विचारले.

"कागद घालतोय असं. परवानगी मागितली नाही, सर. कळवलं."

हा माणूस मला आवडू लागला आहे. स्वल्पविरामांचे पुढे पाहू.

रविवार, १२ ऑक्टोबर.

काल दुपारी दोन ते पाच कार्यक्रम झाला. शाळेचे सभागृह भरलेले होते. अनिकाचे नृत्य उत्तम झाले. कुमुदवल्ली पांढऱ्या साडीत, पांढऱ्या केसांची, काठी न घेता पायऱ्या चढली. प्रत्येक पुस्तिकेत कागद होता. तो तिच्याही हाती होता. भाषणात तिने त्याविषयी एक शब्द काढला नाही. जन्म, कष्ट, चाहते, आभार. मी उठून उभा राहणार होतो. आश्लेषाने माझ्या कोटाची बाही धरली: "बाबा, बसा. ही वेळ तुमची नाही."

प्रश्नोत्तरे सुरू झाली. स्वयंसेवक ध्वनिक्षेपक घेऊन फिरत होते. कोणी वेब सिरीजविषयी विचारले, कोणी सांबाराविषयी. तेवढ्यात माझ्या शेजारी रत्नाने हात वर केला. ती अशा ठिकाणी हात वर करत नाही. उभी राहिली, पदर सारखा केला, ध्वनिक्षेपक घेतला आणि तमिळमध्ये बोलू लागली.

वणक्कम, एवढा शब्द मला समजला. पुढे तीन-चार शब्द. मग सभागृहात काहीतरी झाले. पन्नाशीच्या पुढची माणसे एकदम मागे वळली. तरुण माणसे त्यांच्याकडे पाहू लागली. एका बाईने तोंडावर हात ठेवला. एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले, कोणासाठी ते त्यांनाच कळले नसावे. त्या सर्वांनी तो आवाज ओळखला होता. त्र्याहत्तर वर्षांच्या बाईचा आवाज. मला तर तो नेहमीचाच वाटला.

प्रश्न पुरा झालाच नाही. कुमुदवल्ली मंचावरून उतरली, मधल्या वाटेने आली आणि "अक्का" म्हणून रत्नाचे दोन्ही हात धरले. मग ध्वनिक्षेपकात एक वाक्य बोलली, सावकाश, म्हणून मला समजले: "यांच्यासारखं तमिळ बोलायला मला सात वर्षं लागली. डबिंग थिएटरच्या बाहेर बाकावर बसून शिकले मी." पुढे दोघी बरेच बोलल्या, सभागृह हसत होते, टाळ्या वाजवत होते. मला फारसे समजले नाही. आश्लेषा हसता हसता रडत होती, अर्थ विचारला तर म्हणाली, "बाबा, हे भाषांतर करता येत नाही." सर्व काही भाषांतरित करता येते असे माझे मत आहे. वाद घातला नाही.

मोटारीत मी रत्नाला विचारले, प्रश्न काय होता?

"काही नाही हो. घसा बरा आहे का आता तिचा. सेटवर आकडेसुद्धा किंचाळून म्हणायची. अस्की लोक कान झाकायचे."

तो शब्द मी सुधारला नाही.

आज सकाळी पुस्तिकेतल्या कागदाची माझी मूळ प्रत पुन्हा वाचली. जागेअभावी श्री. सुंदरम यांनी तीन मुद्दे गाळले होते, आणि काही मला तेव्हा ठाऊक नव्हते. म्हणून मसुद्यातल्या आणि माझ्या चुकांचे पूर्ण शुद्धिपत्र येथे देतो. क्रम चुकीच्या आकारानुसार, लहानाकडून मोठ्याकडे.

'नेल्लुक्कारी' प्रदर्शित: १९८१ नव्हे, ऑगस्ट १९७९.

कुमुदवल्ली मद्रासला आली: १९८० नव्हे, १९७७. दोन वर्षे समूहनृत्यात.

'काक्की मुगम्': १९८९ नव्हे, १९८८. येथपासून पुढे आवाज तिचा स्वतःचा. तो तिने मिळवलेला आहे, उपजत नाही, आणि त्यामुळे अधिक मानाचा.

पुनरागमन, आईच्या भूमिकेत: 'वयोमानानुसार, २०००' नव्हे, १९९६, वय पस्तीस. वयोमान नायकाचेही तेच होते.

नायिकेचा आवाज, मार्च १९७९ ते डिसेंबर १९८६, सतरा चित्रपट: रत्ना.

रत्नाने काम थांबवले ते 'घरच्या जबाबदाऱ्यांमुळे', असे मी आजवर सांगितले. डिसेंबर १९८६ मध्ये आश्लेषा अकरा वर्षांची होती आणि घरी कोणतीही नवी जबाबदारी नव्हती. कारण मला ठाऊक नाही. विचारलेले नाही.

माझ्या थोरल्या बंधूंनी 'पवळ वीथी' पाहिला नाही आणि पाहिला असता तर त्यांना लाज वाटली असती: चूक. त्यांनी तो सांगलीत दोनदा पाहिला.

'पवळ वीथी'त नाव निर्मात्याने दिले नाही: चूक. दिले होते. शुक्रवार, २९ ऑक्टोबर १९८२ रोजी मी काढले.

ही गोष्ट मी २९ ऑक्टोबर १९८२ पासून २९ सप्टेंबर २०२५ पर्यंत, म्हणजे बेचाळीस वर्षे अकरा महिने, रत्नापासून लपवून ठेवली: चूक. चित्रपट १४ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशी लागला. मी ती लपवली सोळा दिवस.